इमर्जन्सीवाल्यांनो, क्रेडिट जमवा, शिकायच्या भानगडीत पडू नका

इमर्जन्सीत काम करता म्हणजे रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलची तारीख जवळ आली की पोटात गोळा येणारच, पण घाबरू नका, त्यासाठी लागणारे क्रेडिट अवर्स, म्हणजे शिकत राहिल्याचे मोजलेले तास, शेवटच्या आठवड्यातही आरामात होतात. मोजतात ते तास. तुम्हाला काय येतं हे त्या फॉर्मवर कुणी विचारत नाही.

सुरुवात ऑनलाइन मॉड्यूलने करा. नाईट संपवून आलात की व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि शेजारी आडवं व्हायचं, फक्त काही आगाऊ कोर्सेसमध्ये मधूनच 'तुम्ही अजून आहात ना?' विचारणारी चौकट येते म्हणून एक हात माउसवर असू द्या. मग पोस्ट-टेस्ट. पहिल्या फेरीत सगळीकडे 'वरीलपैकी सर्व' दाबा, नापास झालात की कोर्स स्वतःच बरोबर उत्तरं दाखवतो, मोबाईलने फोटो काढा आणि परत द्या. शंभर टक्के! शेवटी 'या कोर्समुळे तुमच्या कामात बदल होईल का?' येतं, तिथे 'हो' करा, 'नाही' केलं तर कारण लिहीत बसावं लागतं.

विषय घेताना रोज करता तेच घ्या, छातीत दुखणं वगैरे. लहान मुलांचे डोस, अवघड एअरवे म्हणजे श्वासमार्ग, क्रायको म्हणजे मानेतून छेद देऊन तो उघडणं, असलं क्वचित समोर येणारं नकोच, येईल तेव्हा बघू.

गाइडलाइन्सचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका. 2010 ला एबीसीचं सीएबी केलं, म्हणजे आधी श्वासमार्ग नाही तर छाती दाबणं, असिस्टोलमधून म्हणजे हृदयाची रेघ सपाट झाल्यावरच्या उपचारातून अ‍ॅट्रोपिन हे औषध काढलं, 2015 ला व्हॅसोप्रेसिन हे औषधही गेलं, यांचं चालूच असतं. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या अ‍ॅलर्जीत, पहिल्यांदा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन, मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, हे टेस्टमध्ये बरोबर टिक केलंत ना? झालं तर मग. पेशंट आला की सवयीप्रमाणे आधी अँटीहिस्टामिन, मग हायड्रोकॉर्टिसोन, आणि बीपी पडलं की अ‍ॅड्रिनलिन शोधायला पळायचं.

सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलं की छाती दाबायच्या ट्रेनिंगचं, कार्ड दोन वर्षं चालतं. हाताची सवय काही महिन्यांतच उतरायला लागते म्हणतात, पण कार्डावर तारीख छापलेली असते, हातावर नाही. मॅनेक्विनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, फीडबॅकचा दिवा असेल तर आधी तो बंद करा, कारण 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, वर प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, एवढं सगळं तो बघत बसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही नुसते छातीवर रेलून उभे आहात हे चारचौघांत दाखवतो.

आणि खरा धोका म्हणजे तो एक सीनियर, प्रत्येक वॉर्डात असतो बघा, ड्युटी जरा शांत झाली की दहा मिनिटं ड्रिल घेऊ म्हणतो, कालच्या अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या पेशंटला, अ‍ॅड्रिनलिन 3 ते 5 मिनिटांनी जात होतं का, वेळ कोण लिहीत होतं, शॉक द्यायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, किती वेळ थांबलं होतं, असलं विचारत बसतो. याला क्रेडिट शून्य. सर्टिफिकेट नाही, चहा नाही, वर आपली चूक सगळ्यांसमोर निघते. तो दिसला की फाईल उचला आणि एक्स-रे बघायला निघा.

पीडीएफ मात्र लगेच डाउनलोड करा, नंतर लिंक चालत नाही. ऑफिसच्या एक्सेलमध्ये तुमच्या नावापुढचा रकाना हिरवा झाला की पुढच्या रिन्यूअलपर्यंत तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. पेशंटचे नातेवाईक विचारतील कदाचित, पण त्यांना एक्सेलचा अ‍ॅक्सेस नसतो.