हवं तर प्रोबायोटिक्स घ्या, पण एमएसचं औषध थांबवू नका

“मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) हा मुळात आतड्याचा आजार. प्रोबायोटिक्स रोगप्रतिकारशक्ती वाढवतात, तीन महिन्यांत फरक पडतो, मग औषधं सोडता येतात.” प्रोबायोटिक्स म्हणजे उपकारक मानलेले जिवंत जीवाणू, बहुधा कॅप्सूलमधून घेतले जाणारे; त्यांच्याबद्दलचा हा मेसेज मला तिघांनी पाठवला. तिघांच्याही घरी एमएसचा रुग्ण आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘प्रतिकारशक्ती वाढवतात’ हे घेऊ. एमएसमध्ये ती कमी पडलेली नसते. ती चुकून आपल्याच चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडत असते. तिला आणखी जोर देऊन कसं चालेल? संशोधकांना हवंय ते नियमन, म्हणजे दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींना बळ. 2018 च्या एका प्रयोगात एमएसच्या 9 रुग्णांना दोन महिने प्रोबायोटिक दिलं, तेव्हा रक्तातल्या दाहाच्या काही खुणा उतरल्या. गोष्ट आशेची आहे, पण रुग्ण नऊच होते आणि प्रोबायोटिक थांबवल्यावर परिणाम ओसरला.

आतड्याचा संबंध मात्र खरा आहे. 2017 मध्ये एकाला एमएस आणि दुसऱ्याला नाही अशा जुळ्यांच्या आतड्यांतले जीवाणू उंदरांना दिले. आजारी भावंडाचे जीवाणू मिळालेल्या उंदरांत एमएससारखा आजार जास्त दिसला. पण ते उंदीर जनुकीय बदल करून त्या आजाराला प्रवण केलेले होते. शिवाय 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या 1 कोटीहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका 32 पटींनी वाढलेला आढळला. ‘मुळात आतड्याचा’ म्हणताना हे सगळं गळून पडतं. चांगला जीवाणू कोणता, हेही ठरलेलं नाही. अ‍ॅकरमॅन्सिया हा आतड्यातला जीवाणू एमएसच्या रुग्णांत जास्त सापडतो, पण काही अभ्यासांत त्याचं नातं कमी अपंगत्वाशी दिसलं.

‘तीन महिन्यांत फरक’ हा दावा बहुधा इराणमधल्या 60 रुग्णांच्या, 12 आठवड्यांच्या चाचणीवरून आला असावा. तिथे अपंगत्वाचा गुणांक सरासरी 0.3 ने उतरला. ही मोजपट्टी 0 ते 10 ची, आणि एका रुग्णाचा गुण तिच्यावर बदलला तर किमान अर्ध्या अंकाने बदलतो, म्हणजे 0.3 हा तिच्या एका पायरीहूनही कमी. त्यात बहुतेकांचा एमएस झटक्यांनी सुरू होतो आणि झटका काही आठवड्यांत आपसूकही ओसरतो. त्याच सुमारास कॅप्सूल सुरू केली असेल, तर श्रेय तिलाच मिळतं.

मेसेजच्या शेवटी ‘औषधं सोडता येतात’ म्हटलंय, ते वाचून मला खरोखर भीती वाटते. फिंगोलिमोड किंवा नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं अचानक बंद केल्यावर आजार आधीपेक्षा जोरात उसळल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बरं वाटत असतानाही एमआरआयवर नवे डाग उमटत असतात, ते रुग्णाला जाणवत नाहीत. आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल, तर क्वचित कॅप्सूलमधले जिवंत जंतूच रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. म्हणून प्रोबायोटिक घ्यायचंच असेल, तर डबी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि चालू औषधाची एकही मात्रा चुकवू नका.