घाण्याचे तेल आणि स्टेरॉलची मात्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. वनस्पतिजन्य स्टेरॉल (वनस्पतींमधली कोलेस्टेरॉलसारखी मेदद्रव्ये) घेतल्याने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते, या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत : एक, खाद्यतेलाच्या रिफायनरीतला टाकाऊ गाळ औषध म्हणून लोकांच्या माथी मारला जात आहे, दोन, घाण्यावरचे करडईचे तेल खाणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला त्याची गरजच नाही.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण त्याचा निकाल साध्या हिशेबाने लागतो. घाण्याच्या तेलात स्टेरॉल असतात, याविषयी वाद नाही. परंतु एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आठ-दहा टक्क्यांनी उतरायचे तर रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल पोटात जावे लागतात, आणि १०० ग्रॅम करडई तेलात ते अर्ध्या ग्रॅमच्या आतच भरतात. रोज ४०० ग्रॅमहून अधिक तेल कोण पिणार, आणि प्यालाच तर त्याच्या वजनाचे काय होईल?

आता गाळाविषयी. लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीन गाळपाला गेल्यावर त्याच्या तेलाचा वास घालवण्यासाठी ते निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर मुक्त मेदाम्ले, ई जीवनसत्त्व आणि काही स्टेरॉल उडून येतात व थंड झाल्यावर त्यांचा तपकिरी, उग्र वासाचा दाट द्रव जमतो. त्यातल्या मेदाम्लांचा मिथेनॉलशी संयोग घडवून ती ऊर्ध्वपातनाने वेगळी काढतात, उरलेला भाग द्रावकात विरघळवून थंड करतात, आणि मग स्टेरॉलचे पांढरे स्फटिक बसतात ते गाळून, धुऊन वाळवतात. मळीतून मद्यार्क काढणाऱ्या साखर कारखान्याला आपण टाकाऊ माल विकणारा म्हणत नाही, मग येथेच तो शब्द का?

हे स्टेरॉल रचनेने कोलेस्टेरॉलसारखेच असल्यामुळे आतड्यात मेद शोषायला मदत करणाऱ्या पित्तक्षारांच्या सूक्ष्म कणांमधली कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, आणि शोषले न गेलेले कोलेस्टेरॉल शौचावाटे बाहेर पडते. स्वतः स्टेरॉल मात्र रक्तात फारच थोडे उतरतात. त्यांचे काम असे आतड्यातच चालत असल्यामुळे ते जेवणासोबत घ्यायचे असतात, उपाशीपोटी नव्हेत.

त्यांनी हृदयविकाराचे झटके टळतात, असे मी लिहिले नव्हते, कारण तसे सिद्ध करणारी चाचणी अद्याप झालेली नाही. सिटोस्टेरॉलेमिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारात तर ते अपायकारकच ठरतात, आणि गरोदर व स्तनदा मातांनी तसेच लहान मुलांनी ते घेऊ नयेत. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर स्टेरॉलच्या भरवशावर ती बंद करू नये. दोन्ही सोबत घ्यायची असल्यास त्यांनाच विचारावे.