म्युझियमचे डायरेक्टर व्हायचंय? मग चित्रांकडे बघणं सोडा

कलेवर प्रेमबिम असेल तर ते पीएचडीच्या प्रबंधात एकदाच काय ते घालून टाका, पुढे त्याचा उपयोग नाही. क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून मांडणारे, आहात तोवर चित्रासमोर तासभर उभं राहिलात तर खपतं. डायरेक्टर झालात की उभं राहायचं ते देणगीदारासमोर, आणि हसत.

त्या अल्फ्रेड बारसारखं तर मुळीच वागू नका. 1929 ला न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट निघालं तेव्हा हा गडी 27 वर्षांचा आणि थेट डायरेक्टर. 1943 मध्ये विश्वस्तांनी खुर्चीवरून उतरवला. नेमकी त्याच वर्षी त्याची मॉडर्न चित्रं सामान्य माणसाला साध्या भाषेत समजावणारी पुस्तिका आली. बघा, लोकांना कळेल असं लिहिलं की काय होतं! तरी हा तिथेच लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून काम करत राहिला, येडा.

खरेदी करताना माल आला कुठून हे विचारायचं नसतं. न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमने 1972 मध्ये युफ्रोनिऑसने रंगवलेलं अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक भांडं 10 लाख डॉलर मोजून घेतलं, ते इटलीतून चोरून आणलेलं निघालं आणि 2008 मध्ये इटलीला परत द्यावं लागलं. मधली 36 वर्षं मिळाली की! तेवढ्यात तुम्ही आरामात रिटायर.

कोठारातल्या वस्तूंच्या नोंदी? छे. नवीन विंगची फीत कापताना फोटो येतो, नोंदवहीचा येतो का? ब्रिटिश म्युझियमकडे 80 लाखांच्या आसपास वस्तू, त्यातल्या मांडलेल्या साधारण 1 टक्का. 2023 मध्ये उघड झालं की 2000 च्या आसपास वस्तू चोरीला गेल्यात, गहाळ झाल्यात नाहीतर खराब झाल्यात. एका व्यापाऱ्याने 2021 मध्येच सावध केलं होतं, तेव्हा सगळं जागेवर आहे म्हणून त्याला वाटेला लावलं, आणि शेवटी डायरेक्टरला राजीनामा द्यावा लागला. नशीब एकेकाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेबल. ते गुडघ्याच्या उंचीवर लावा, राखाडी भिंतीवर राखाडी अक्षरात, आणि अक्षर मुंगीएवढं. परवा एका म्युझियममध्ये मी रेखाचित्रं बघायला गेले, खोलीत अंधार. ते ठीक आहे हो, कागद प्रकाशाने खराब होतो, 50 लक्सच्या वर जाऊ नये म्हणतात, मान्य. पण लेबलाला कोणतं ऊन लागणार होतं? वाचायला वाकले तर डोकं रेषेच्या आत गेलं, सेन्सर कोकलायला लागला, गार्ड ओरडला, सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली जशी काही मी चित्र पिशवीत घालत होते. मागे सरकले, चष्मा बदलला, परत वाकले, परत कोकलला. एवढं करून वाचलं काय तर ‘ही कृती अनुपस्थितीच्या अवकाशाला प्रश्नांकित करते’. कुणी काढलं, कधी काढलं, कोळशाने की शाईने, एक अक्षर नाही! आणि क्युरेटरचं नाव मात्र दारावर हे एवढं मोठं, ते बरोबर समोरून वाचता येत होतं.

चित्र उलटं टांगलं गेलं तर? काही होत नाही. 1961 मध्ये त्याच मॉडर्न आर्टवाल्यांकडे मातीस नावाच्या चित्रकाराचं चित्र 47 दिवस उलटं होतं.

आणि ते कुणाच्या लक्षात आलं माहितीये? तिकीट काढून आलेल्या एका बाईच्या. तुमच्या कुणाच्याही नाही. आम्ही बघतो हो, नीट बघतो, पुन्हा पुन्हा येऊन बघतो, आणि तुम्ही आम्हाला फक्त वर्षाच्या अहवालातल्या आकड्यासाठी मोजता. लाज वाटायला पाहिजे. चित्रं जपायची आणि माणसांना दाखवायची, याचा पगार घेता ना? मग नाव, साल, कशावर काढलंय ते आधी लिहा, मोठ्या अक्षरात, डोळ्यांसमोर येईल असं. बाकीचं तुमचं तत्त्वज्ञान छापण्याआधी त्या गार्डला वाचून दाखवा. त्याला नाही कळलं तर परत लिहा, दहा वेळा लिहा, कामच आहे ते तुमचं.