आदर्श विमाधारकास काही नम्र सूचना

घरात पुराचे पाणी शिरले असेल आणि घराचा विमाही उतरवलेला असेल, तर आपल्यावर दोन प्रसंग ओढवले आहेत असे समजावे. पहिला काही तासांत ओसरतो. दुसऱ्यात आपली वागणूक कशी असावी, हे पॉलिसीच्या कोणत्याही पानावर छापलेले नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

तयारी अर्थातच पुराच्या आधीपासून करायची असते. गृहकर्ज घेताना बँकेने ज्या वीस-पंचवीस कागदांवर सह्या घेतल्या, त्यांतच एक विम्याचा प्रस्ताव होता. त्याची प्रत मागून बँकेतल्या माणसांना अवघडल्यासारखे करू नये. ती पॉलिसी फक्त भिंती आणि छपराची आहे, फ्रिज, पलंग आणि धान्याच्या कोठीची नाही, हे नुकसान झाल्यावर कळण्यात जी उत्कंठा आहे, ती आधी वाचून घालवण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी देणे सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झाले. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरातील सामानही तिच्यात आपोआप धरले जाते. आपली पॉलिसी ही आहे की दुसरी कोणती, याची चौकशी करणारा विमाधारक सुरुवातीपासूनच संशयी स्वभावाचा ठरतो.

आता चिखलाविषयी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले आणि ओसरताना मागे गाळ ठेवून गेले. अशा वेळी विमाधारकाने नेमके काय करावे, याविषयी शास्त्रार्थ अत्यंत सुस्पष्ट आहे: गाळ काढला, तर पुरावा नष्ट केला असे होते, न काढला, तर नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेतली नाही असे होते. नुकसान मोजणारे सर्वेअर येईपर्यंत कुटुंबाने घराबाहेर उभे राहून गाळाकडे पाहत राहावे, हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. मोबाइलवर प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि प्रत्येक वस्तूवरील मॉडेल क्रमांकाचे फोटो काढणे, तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत घेणे, कंपनीला ई-मेल करून ‘रोगराईच्या भीतीने अमुक तारखेस सफाई करीत आहोत’ असे कळवणे आणि खराब झालेले सामान सर्वेअरने पाहेपर्यंत एका कोपऱ्यात रचून ठेवणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यामुळे कंपनीची फार मोठी अडचण होते.

सर्वेअर येतील तेव्हा चहा अवश्य द्यावा, पण आपण केलेली नुकसानीची यादी देऊ नये. ते कपाटाचे बिल मागतील. बिल त्याच कपाटात होते, हे सांगताना हसू नये. दुकानदाराकडून दुय्यम प्रत किंवा बँकेच्या खातेउताऱ्यातली नोंद मिळते, हे आठवले तरी गप्प बसावे. सर्वेअर २४ तासांत नेमावा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवाल हाती आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने २०२४ साली घालून दिले आहे. निव्वळ कागदपत्रे नाहीत म्हणून क्लेम नाकारू नये, असेही त्यात आहे. परंतु नियामकाचे परिपत्रक दाखवणे म्हणजे यजमानाला त्याच्याच घरचे रीतिरिवाज शिकवणे झाले. सर्वेअरच्या अहवालाची प्रत तर मुळीच मागू नये. हा अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलेले असले, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या स्वयंपाकघरात पाणी शिरले नव्हते, हे विसरता कामा नये.

यथावकाश आकडा येतो. मागणी चार लाखांची असते आणि मंजुरी लाखाच्या आसपास. मधल्या रकमेचे काय झाले, याचे उत्तर ‘घसारा’, म्हणजे वापरामुळे वस्तूची घटलेली किंमत, या तीन अक्षरांत सामावलेले असते. घसारा पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार आणि किती टक्के कापला, हे लेखी विचारणे असभ्यपणाचे आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत आणखी एक सुंदर तरतूद असते. चाळीस लाखांच्या घराचा विमा वीस लाखांचाच उतरवला असेल, तर चार लाखांच्या नुकसानीपैकी निम्मे आपणच सोसायचे, कारण निम्म्या घराची विमा कंपनी आपण स्वतःच होता. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात माफ आहे. तरीही कुणी सवयीने ती केली, तर मोठ्या मनाने सोडून द्यावे. सवयी सहजासहजी सुटत नाहीत.

त्यानंतर ‘संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ असा एक कागद येतो. तो वाचू नये, सही करावी. घरात चूल पेटलेली नसताना माणसाने केलेली सही हीच खरी मनापासूनची सही, अशी या व्यवसायाची श्रद्धा आहे. या श्रद्धेला सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये थोडा धक्का दिला: फसवणुकीने, दडपणाने किंवा तत्सम मार्गाने घेतलेली सही सिद्ध झाली, तर विमाधारकाचा उरलेला दावा बुडत नाही. २०१५ मध्ये नियामकानेही कंपन्यांना बजावले की, अशा कागदाचा उपयोग विमाधारकाची पुढची वाट अडवण्यासाठी करू नये. तेव्हा ‘रक्कम हक्क राखून स्वीकारीत आहे’ असे पत्र लगोलग पाठवण्याचा मोह होईल. तो आवरावा.

तक्रार करायचीच झाली, तर फोनवर करावी. फोनवरचा मुलगा फार गोड बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचा पुरावा आपल्याकडे राहत नाही, ही दुहेरी सोय आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवले की महिनाभर वाट पाहून थेट विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. म्हणूनच फोनचा आग्रह आहे. लेखी उत्तर आलेच आणि त्यात क्लेम नाकारला असेल, तर ते फाडून टाकावे. लोकपालांकडे जाण्याची एक वर्षाची मुदत तोच कागद हाती आल्यापासून मोजली जाते.

लोकपाल नुकसान आणि व्याज पाहतात. महिनोन्‌महिने झालेल्या मनस्तापाची भरपाई मागायची, तर जिल्हा ग्राहक आयोग गाठावा लागतो. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. भरलेला प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल, म्हणजे बहुतेक सर्वांच्याच बाबतीत, शुल्कही पडत नाही. मात्र शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या बाजूने आहे. तिथली मुदत दोन वर्षांची आहे. तोवर ‘आपले प्रकरण प्रक्रियेत आहे’ असे मेल अधूनमधून येत राहतील. त्यांना उत्तरे द्यावीत, आभार मानावेत आणि तिसऱ्या वर्षाच्या आरंभी वकिलांकडे जावे. म्हणजे नुकसान किती झाले, या रुक्ष विषयाऐवजी, उशीर का झाला आणि तो का माफ करावा, यावरच पहिल्या काही तारखा निघून जातील.