चेअरमन बदलला, पण नाव कुठे ठरलं?

कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब करायला परवा गावी गेलो होतो, अमळनेर तालुक्यात. पारावर गावच्या सोसायटीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, निवडणुकीचा विषय निघाला. यंदाही बिनविरोध. जुने चेअरमन उतरले आणि त्यांचा पुतण्या बसला. शेजारचे आबा समाधानाने म्हणाले, "बदल व्हयना ना भाऊ, आखो काय जोयजे?"

मला मेक्सिको आठवला. तिथे १९२९ ते २००० अशी ७१ वर्षं एकाच पक्षाची, पीआरआयची, सत्ता होती. निवडणुका वेळेवर व्हायच्या, विरोधकही उभे राहायचे. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत. दुसऱ्यांदा उभं राहायला सक्त मनाई. म्हणजे माणूस दर सहा वर्षांनी बदलायचाच. पण पुढचा कोण, हे जाणारा ठरवायचा. लोक त्याला 'बोट दाखवणं' म्हणत. मतदान त्यानंतर.

ही व्यवस्था पक्की का होती, तर ज्याला डावललं त्याला पुढच्या खेपेची आशा असायची. म्हणून तो पक्ष सोडत नसे. १९८७ च्या सुमारास पक्षातलेच एक नेते कार्देनास यांनी उमेदवार निवडीच्या या पद्धतीलाच आव्हान दिलं आणि बाहेर पडून १९८८ ला लढले. मतमोजणीच्या रात्री संगणक यंत्रणा बंद पडल्याचं सांगण्यात आलं. जिंकला तो पीआरआयचाच उमेदवार. पुढे १९९६ मध्ये निवडणूक यंत्रणा सरकारच्या हातातून सुटली. १९९७ ला कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं, २००० ला राष्ट्राध्यक्षपद.

झिम्बाब्वेत तर बदलाची वाटच ठेवली नव्हती. मुगाबे ३७ वर्षं सत्तेवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी उपाध्यक्ष म्नांगाग्वांना काढलं, लष्कर रस्त्यावर आलं, आणि त्याच महिन्यात म्नांगाग्वा राष्ट्राध्यक्ष झाले. लोक रस्त्यावर नाचले. पक्ष तोच राहिला.

म्हणून नेता बदलला की सत्ता बदलली, हे मला पटत नाही. यादी कोण करतं आणि मतं कोण मोजतं, ते मी आधी बघतो.

याला घरचं कारण आहे. एका वर्षी वडिलांचं नाव सोसायटीच्या यादीत थकबाकीदार म्हणून लागलं. कर्ज मार्चमध्येच फेडलं होतं, पावती हातात होती. पण हे कळलं तेव्हा अर्ज भरायची तारीख उलटून गेली होती. ते उभे राहणार होते. त्या वर्षीही बिनविरोधच झाली. वडील कुणाशी भांडले नाहीत, नुसते गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आजही सलतं.

आबांना मी विचारलं, पुतण्याचं नाव कुठे ठरलं? थोडं थांबून ते म्हणाले, "तेस्ना घरमा."

गावच्या पोरांनो, पुढची कच्ची यादी लागेल त्याच दिवशी जाऊन फोटो काढा. हरकतीची मुदत फार थोडी असते. आपापल्या घरच्या पावत्या आजच शोधून ठेवा. कुणाचं नाव चुकलं असेल तर मला फोन करा, मी सुट्टी काढून येईन.