इलेक्ट्रिक ट्रक पावसात शॉक देतो? खुलासा

‘पावसात इलेक्ट्रिक ट्रकच्या बॉडीला हात लावू नका, शॉक बसतो’ असा मेसेज रत्नागिरी-चिपळूणच्या ड्रायव्हरांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. मोठ्या बॅटरीची प्लस-मायनस दोन्ही टोकं चासीपासून अलग असतात, म्हणून बॉडीत करंट येत नाही. ओल शिरून इन्सुलेशन (करंट अडवणारं आवरण) कमजोर झालं, की डॅशबोर्डवर इशारा येतो आणि बहुतेक गाड्या पुन्हा चालू होत नाहीत.

‘बॅटरी आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) आहे, बिनधास्त पुरात घाला’ हे मात्र त्याहून धोक्याचं. त्या दर्जाची पाण्याची चाचणी १ मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात ३० मिनिटांची. जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात तासन्‌तास होतं. खाडीचं तर खारट. बुडालेली गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, नारिंगी (हाय-व्होल्टेज) केबलला हात नको. उघड्यावर, इतर गाड्यांपासून लांब ठेवा. आग काही दिवसांनीही लागू शकते.

आपल्याकडे खरा त्रास चार्जिंगच्या तोंडाशी आहे. खाऱ्या हवेनं पिनांवर हिरवट थर चढतो, तिथे रेझिस्टन्स (करंटला अडथळा) वाढतो, गन (चार्जरचा प्लग) तापते, चार्जिंग मंदावतं. गन काढल्याबरोबर टोपण बसवा. थर दिसला तर पॉलिश पेपर अजिबात मारू नका, पिनेवरचा मुलामा जातो; सर्व्हिसवाल्याला बोलवा.