जुना डबा, सातशे टक्के

घरात २०११ सालचा असेंबल्ड डेस्कटॉप असेल आणि तो अजून चालत असेल, तर आधी अभिनंदन. मुंबईच्या दमट हवेत इतके पावसाळे काढून जिवंत राहिलेल्या वस्तू घरात फार नसतात. आता तो हळू चालतो म्हणून तुम्ही त्यात पैसे घालायचं ठरवलं आहे. ठरवलं आहे, हे महत्त्वाचं. कारण अपग्रेडने वेग किती वाढेल याचा अंदाज खरेदी ठरल्यावरच काढायचा असतो. मुलगी पसंत पडली की मग पत्रिका जुळवतात, तसंच हे. गुण मागाहून हवे तेवढे निघतात.

पहिलं पथ्य असं, की मोजायचं नाही. घड्याळ लावून बसू नका. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, त्यातला कुठे किती गेला, असल्या चौकशा करू नका. 'फार स्लो झालाय' हे माप पुरेसं आहे. शिवाय ते कुठल्याही खर्चाला पुरतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांतलं कोण धापा टाकतंय ते फुकटात सांगतो. म्हणून त्या तीन बटणांपासून लांब राहा. फुकट मिळालेल्या निदानाची औषधं महाग नसतात, आणि मग लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायला निमित्त काय उरणार?

मी मोजलं होतं, हे कबूल करतो. आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. मेंटेनन्सची एक्सेल शीट घरच्या मशीनवर आहे. बटण दाबल्यापासून ती शीट समोर यायला २५० सेकंद लागत. चहा टाकून यायला बरोबर वेळ मिळायचा, त्यामुळे माझी तक्रारही नव्हती. तक्रार होती भाच्याची. तो म्हणाला, "मामा, हे काय म्युझियम चालवताय? रॅम डबल करा, म्हणजे शंभर टक्के. एसएसडी टाका, पाचशे टक्के. प्रोसेसर आय-सेव्हन, पन्नास. थर्मल पेस्ट बदला, आणखी पन्नास. टोटल सातशे." (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची नवी डिस्क. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणारा लेप.)

ही बेरीज शिकून घ्या. टक्के म्हणजे मेंटेनन्सची थकबाकी असल्यासारखे एकाखाली एक मांडायचे आणि खाली रेघ मारायची. शंभर टक्के वेगवान म्हणजे निम्मा वेळ, शून्य वेळ नव्हे, हे विसरायचं. मग हिशेब झकास लागतो. २५० सेकंदांतून त्याचे सातशे टक्के, म्हणजे १७५० सेकंद वजा करा. उत्तर येतं उणे १५००. म्हणजे मी बटण दाबायच्या २५ मिनिटं आधीच शीट उघडलेली असेल. खजिनदाराला याहून काय हवं? थकबाकीदार दार उघडायच्या आधी पावती तयार.

असला आनंद बिघडवायला जीन अमडाल नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मोठ्या मशीनच्या रचनेमागचं डोकं त्यांचं. १९६७ साली त्यांनी जो मुद्दा मांडला, तो मुलुंडच्या कुठल्याही चाकरमान्याला न शिकवता कळतो. समजा घरातून निघून स्टेशनला पोचेपर्यंत २० मिनिटं, लोकलमध्ये ५० मिनिटं, आणि सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या ऑफिसपर्यंत चालत २०. एकूण ९०. उद्या रेल्वेने लोकल दुप्पट वेगाने पळवली तर प्रवास निम्मा होईल? नाही. २५ मिनिटं वाचतील, ६५ उरतील. लोकल विजेसारखी पळाली, चढला की उतरला, तरी रिक्षाची रांग आणि फोर्टातला फूटपाथ मिळून ४० मिनिटं शिल्लकच. ज्या भागाला हात लावला नाही तो भाग ठरवतो की तुम्ही जास्तीत जास्त किती लवकर पोचणार. कॉम्प्युटरचंही हेच आहे, आणि म्हणूनच अमडाल यांचं नाव दुकानात काढायचं नाही.

माझ्या २५० सेकंदांत १९० हार्डडिस्कच्या कुरकुरण्यात जात होते, २५ प्रोसेसरकडे, २० मशीनच्या जाग येण्यात आणि १५ माझ्या पासवर्डात. (एका बोटाने टाइप करतो.) प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला असता तर वाचले असते साडेबारा सेकंद. शंभरात पाच. भाच्याला हे कागदावर दाखवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही फार निगेटिव्ह आहात."

तर शनिवारी ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. लॅमिंग्टन रोड म्हणा. काउंटरवर गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा: "फरक पडेल ना?" त्याला एकच उत्तर असतं: "मक्खन चलेगा, काका." या दोन शब्दांत जेवढा आत्मविश्वास आहे तेवढा वेग मोजणाऱ्या कुठल्या बेंचमार्कमध्ये नाही. तुमचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो) कोणता, हे त्याने विचारलं नाही तर आपण होऊन सांगू नका. उगाच घोळ होतो.

एसएसडीच्या खोक्यावर आकडा असतो ५५०. सेकंदाला ५५० मेगाबाइट. त्याच्या आधी किंवा नंतर बारीक अक्षरात 'पर्यंत' असतं. हा 'पर्यंत' आपल्या ओळखीचा आहे. दादरला रानडे रोडवर '५०% पर्यंत सूट' लिहिलेल्या दुकानात शिरून आपण पाच टक्क्यांचा टॉवेल घेऊन बाहेर पडतोच की. माझ्या डब्यात एच६१ चिपसेटचा जुना मदरबोर्ड. डिस्क त्याला जिथून जोडतात ती साटा जोडणी जुन्या पिढीची. सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या वर त्यातून काही जाऊच शकत नाही. अर्धा इंच नळाला टाकी केवढीही लावा, बादली त्याच वेगाने भरणार. हे घरी आल्यावर वाचायचं. दुकानात वाचलंत तर घासाघीस करावीशी वाटते.

आता एक अडचण सांगतो. एसएसडीच्या बाबतीत तुमचा अंदाज, सगळी काळजी घेऊनही, थोडाफार खरा ठरण्याचा धोका आहे. मात्र खोक्यावरच्या कारणाने नव्हे. जुन्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. एक फेरा आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त. म्हणजे हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद नुसतं थांबायचं. त्याआधी ती सुई योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. माहितीच्या एका चिठ्ठीला बारा-तेरा मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण विंडोज उठताना अशा हजारो चिठ्ठ्या मागते, आणि सगळ्या वेगवेगळ्या कपाटांत. दहा हजार चिठ्ठ्या म्हटल्या तर दोन मिनिटं गेलीच. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काही नाहीच. तीच चिठ्ठी मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हातात येते. म्हणजे फायदा आहे तो हेलपाटे वाचण्याचा. ५५० असो की ३००, शीट उघडताना फरक कळण्यासारखा नसतो. एकच मोठी फाइल सलग कॉपी करायची असेल तेव्हा कळेल. सोसायटीच्या हिशेबात तशी वेळ येत नाही.

असा खरा फायदा झालाच, तर त्याचं श्रेय चुकीच्या माणसाला कसं द्यायचं, याचीही पद्धत आहे. सगळं एकाच दिवशी बदला. रॅम, डिस्क, प्रोसेसर, आणि वर नवी विंडोज मारून घ्या. रात्री मशीन भुर्रकन उघडलं की प्रत्येकजण आपापल्या वस्तूकडे बोट दाखवायला मोकळा. एकेक बदलून मध्ये मोजत गेलात, तर कुठल्या वस्तूने काहीच केलं नाही हे कळेल, आणि तिची पावती तुमच्याच खिशात असेल.

रॅमचं, म्हणजे चालू कामाला लागणाऱ्या मेमरीचं, उदाहरण घ्या. माझ्याकडे ८ जीबी होती आणि सगळं उघडं ठेवूनही चारच्या आत वापर. आणखी ८ घातली. कार्यालयात दोनशे पाहुणे, तीनशे खुर्च्या. आणखी तीनशे मागवल्या म्हणून पंगत लवकर उठत नाही. पाहुणे उभे असते तर गोष्ट वेगळी. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते, आणि तिथे हार्डडिस्क असेल तर मग देवच वाली. तेव्हा रॅमइतकं पुण्याचं काम नाही. पण माझे पाहुणे बसलेले होते. तरीही माझ्यापेक्षा चौथ्या मजल्यावरचे सद्गृहस्थ थोर. त्यांनी ३२-बिट विंडोजवर ८ जीबी बसवली. ती विंडोज चारच्या पुढे मोजतच नाही. ते मात्र वर्षभर समाधानी होते.

प्रोसेसर निवडताना गिगाहर्ट्झ (सेकंदाला किती अब्ज ठोके) बघा, कारण तो एकच आकडा सगळ्यांना वाचता येतो. २००४ साली पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. माझा २०११ चा आय-फाइव्ह २४००, ३.१ चा. या हिशेबाने सात वर्षांत जग मागे गेलं. एका ठोक्यात प्रोसेसर किती काम उरकतो हे विचारणारे लोक असतात, त्यांच्याशी वाद घालू नका. भाच्याने त्याच सॉकेटमध्ये बसणारा सेकंडहँड आय-सेव्हन २६०० शोधला. ३.४ गिगाहर्ट्झ. कोअर, म्हणजे आतले काम करणारे, तेवढेच चार, पण एका वेळी चालणारे कामाचे धागे आठ. माझी शीट एकाच धाग्यावर बेरजा करत बसते, बाकीचे सात मेंटेनन्स बुडवणाऱ्यांसारखे निवांत.

थर्मल पेस्टचे पन्नास टक्के तेवढे मला समजले नव्हते. कॅबिनेट उघडलं तेव्हा समजले. पंख्याखाली धुळीची गादी, आणि तीत झुरळांचं एक एकत्र कुटुंब. एवढा ऊबदार ब्लॉक मुलुंडात या भावात कुठे मिळणार? प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. माझा किती वर्षं उतरवून बसला होता देवाला ठाऊक. ब्रश फिरवला, तेव्हा सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त फायदा झाला. पण धूळ पुसल्याचं कौतुक कोण ऐकतो? तेव्हा साफसफाई गुपचूप करा आणि पाहुण्यांना आय-सेव्हनच सांगा.

सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न मीही शेवटीच विचारला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर हवा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. माझा नवा आय-सेव्हन दुसऱ्या पिढीचा. म्हणजे जुन्या घराला नवं प्लास्टर झालं, पण बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. भाचा म्हणाला, "ते बघू नंतर."

आता शीट ७५ सेकंदांत उघडते. १७५ वाचले. चहा मात्र आता राहूनच जातो, कारण तो टाकायला वेळ मिळत नाही. खजिनदाराची सवय वाईट, म्हणून दुसरी बाजूही मांडून पाहिली. लॅमिंग्टन रोडच्या तीन फेऱ्या (तिसरी साटा केबल विसरल्यामुळे), रात्री जुनी डिस्क कॉपी होताना बघत बसणं, अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसेना म्हणून डबल टेपची शोधाशोध, आणि यूट्यूबवर बघितलेले सगळे व्हिडिओ. एकूण २८ तास. म्हणजे १,००,८०० सेकंद. रोज एकदा मशीन सुरू केलं तर ५७६ दिवसांनी, एक वर्ष आणि सात महिन्यांनी, मी बरोबरीत येईन.

हा हिशेब त्याच शीटच्या नव्या पानावर करून भाच्याला दाखवला. त्याने नीट वाचला. म्हणाला, "मामा, एवढं कोण थांबतं? नवीनच घेऊन टाकू."

"किती फरक पडेल?"

"सातशे टक्के तरी. शनिवारी मोकळे आहात ना?"